गप्प बसणारं कार्ड

साडूंनी सांगितलेलं ग्राफिक्स कार्ड दुकानात समोर ठेवलेलं असताना मी दुसरंच घेतलं, कारण ते दिसायला चांगलं होतं. एवढंच कारण. दुकानदाराने भुरळ घातली नाही, गर्दीत गोंधळ झाला नाही, चष्मा घरी राहिला नव्हता. एक कार्ड साधं, काळं, शाळेच्या पाटीसारखं होतं. दुसऱ्याला तीन पंखे होते आणि अंगावर निळे-जांभळे दिवे पळत होते. मी दिव्यांच्या मागे गेलो.

आता हे साडू कोण, हे सांगितल्याशिवाय माझ्या गाढवपणाची उंची कळायची नाही. आमच्या धाकट्या साडूंइतका आवाजाचा वैरी नगर जिल्ह्यात दुसरा झालेला नाही, आणि उद्या झालाच तर तोसुद्धा त्यांच्या घरी चवड्यांवर चालेल. कोपरगावात त्यांचं घर आहे. बैठकीच्या भिंतीवर मोठं घड्याळ आहे आणि ते बारा महिने सव्वादहाची वेळ दाखवतं, कारण साडूंनी त्याचा सेल काढून ठेवला आहे. ‘‘काटा टकटक करतो. येळ काय, मोबाईल दावतोच की,’’ असं त्यांचं म्हणणं. त्या घड्याळावर विसंबून मी एकदा निवांत दुसरा चहा घेतला आणि नगरची एसटी घालवली. दुसऱ्यांच्या खिशात सुपारी नाहीतर तंबाखूची डबी असते, यांच्या खिशात सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे असतात. कुठे काही थरथरलं, खडखडलं, गुणगुणलं की हे त्याच्याखाली ट्यूबचा तुकडा सारतात. आमच्याकडे नवा फ्रिज आला तेव्हा हे पेढा हातात धरून सरळ स्वयंपाकघरात गेले, डॉक्टर छातीला नळी लावतात तसा फ्रिजला कान लावला आणि माझ्या बायकोला म्हणाले, ‘‘अक्का, ह्याला धाप लागती.’’ पेढा खायच्या आधी फ्रिजच्या चारही पायांखाली ट्यूब गेली. आता तो फ्रिज चालू आहे की बंद, हे आम्हाला दूध नासल्यावरच कळतं.

गंमत अशी, की या माणसाचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. म्हणजे बँड, डीजे, फटाके, माईकवरून मामाला हाका, हे सगळं ज्याच्या छताखाली घडतं ते छत उभारणारे हे. पण त्यांनी स्वतः घातलेल्या मंडपात लागलेलं लग्न आजवर पाहिलेलं नाही. शेवटची झालर लागली की ते मोटारसायकलला बसतात, आणि बँडवाल्यांची गाडी वेशीतून आत येते तेव्हा हे वेशीतून बाहेर पडत असतात. मंडपाचं सगळं काम ते आधी कॉम्प्युटरवर उभं करून दाखवतात. मुलीचा बाप त्यांच्या बैठकीत खुर्चीवर बसतो आणि पडद्यावर कमानीखालून फिरून येतो, स्टेजवर चढतो, सोफ्याचा रंग बदलून मागतो. तालुक्यात त्यांचं नाव झालं ते यामुळेच. आणि ही चित्रं फिरवायची तर कॉम्प्युटरात ग्राफिक्स कार्ड लागतं. काम पडलं की ते कार्ड तापतं, तापलं की त्याचे पंखे फिरतात, आणि फिरले की आवाज करतात. त्यात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की हवेतून जी काजळी पडते ती वाळत घातलेल्या धोतराला सोडत नाही, तर पंख्याला काय सोडणार! दिवाळीनंतर साडूंचं जुनं कार्ड पिठाच्या गिरणीसारखं सुरू व्हायचं.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, ‘‘साडूभाऊ, दारावरून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून गाणी बोंबलत जातात. ते चालतं, आणि हा एवढासा पंखा चालत नाही?’’

‘‘ट्रॅक्टर येतो आन् जातो,’’ ते म्हणाले. ‘‘पंखा घरात बसून ऱ्हातो.’’

या माणसाने लग्न मात्र केलं ते अख्ख्या सोनईत सर्वांत मोठा आवाज असलेल्या मुलीशी. म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीशी. घरात आम्ही सगळे तिला धाकटीच म्हणतो. माहेरी ती बांधावर उभी राहून जेवायची हाक मारायची तर स्वतःच्या वावरातली माणसं यायचीच, शेजारच्या वावरातलीही हात धुऊन यायची. लग्नात आम्ही पैजा लावल्या होत्या, की हा मुका संसार महिनाभर टिकतो की दोन. पण साडूंनी तिच्या आवाजाखाली कधी ट्यूबचा तुकडा सारला नाही. मी एकदा चिडवलंच, तर म्हणाले, ‘‘त्यो आवाज न्हाई हो. ती हाक हाय.’’ आणि पुन्हा आपल्या कामाला लागले.

दोन-अडीच वर्षांपूर्वी धाकटीचं गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, पण गळ्यातली आवाजाची नस दुखावली. राहिला तो नुसता वारा. कुणी कानाशी येऊन गुपित सांगावं तेवढाच. डॉक्टर म्हणाले, हळूहळू थोडा सुधारेल. तो थोडा सुधारला आणि तिथेच थांबला. धाकटीने ते सहज घेतल्यासारखं दाखवलं. ‘‘इतकी वर्षं तुमी सगळे म्हनत हुता ना, हळू बोल,’’ असं ती पुटपुटायची आणि स्वतःच हसायची. हसण्याचाही आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे.

मग एक दिवस कढईतलं तेल तिच्या पायावर सांडलं. साडू बैठकीत, स्वयंपाकघराच्या दाराला पाठ करून, एका मोठ्या लग्नाचं स्टेज फिरवत बसले होते. कार्डाची गिरणी चालू होती. ती हाका मारत राहिली. शेवटी स्वतःच बादलीत पाय घालून बसली, आणि जरा वेळाने भिंतीला धरत बैठकीच्या दारात येऊन उभी राहिली. ते वळून म्हणाले, ‘‘काय गं, चहा का?’’

पाय बरा झाला, पण ते ‘चहा का’ साडूंना काही केल्या पचलं नाही. त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती: काम चालू असताना स्वयंपाकघरातून तिने हाक मारली तर ती ऐकू यायला हवी. आमच्यासारख्या शहाण्यांनी उपाय सुचवले. माझ्या बायकोने छानशी पितळी घंटी आणली. साडूंनी ती देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. ‘‘बायकोनं घंटा वाजवून बोलवायचं? मी काय म्हैस हाय?’’ मी मिस्ड कॉलचा उपाय काढला. तर हात पिठात असताना फोन कोण लावणार, असं धाकटीने विचारलं. मग साडूंनी कॉम्प्युटरच उचलून स्वयंपाकघरात नेला. त्याने आठवडाभर फोडणी हुंगली, मग पंख्यांना मोहरीच्या तेलकट धुराचं अस्तर चढलं आणि तिनेच त्याला घराबाहेर काढायची धमकी दिली. त्यानंतर साडूंनी तो परत बैठकीत आणला आणि खिडकीला वाळ्याचा ओला पडदा लावून गार हवा आत सोडली. कार्ड गार झालं, पंखे मंदावले, साडू खूश झाले, आणि पडद्याचं पाणी ठिबकून जुनं कार्ड कायमचं शांत झालं. इतकं शांत कार्ड त्यांना नको होतं.

नवं कार्ड निवडायला ते बसले तेव्हा मी तिथेच होतो. मुलीसाठी स्थळ बघणारा बापसुद्धा इतक्या चौकशा करत नाही. रोज इअरफोन कानात घालून ते निरनिराळ्या कार्डांचे व्हिडिओ लावायचे आणि डोळे मिटून नुसते पंख्यांचे आवाज ऐकायचे. प्रत्येक कार्डाला त्यांचे प्रश्न ठरलेले: खातं किती, तापतं किती आणि बोलतं किती. वीज कमी खाणारं हवं. कमी खाल्लं की कमी तापेल. अंगावर गार करणाऱ्या पत्र्यांची चवड मोठी हवी. चवड मोठी असली की पंखा हळू फिरून भागतं. आणि काम नसताना पंखे आपोआप थांबले पाहिजेत. असं एक कार्ड त्यांना मनासारखं सापडलं. लग्नसराई ऐन भरात, त्यांना हलता येईना. मी ऑफिसच्या कामाने पुण्याला निघालो होतो. ‘‘साडूभाऊ, तेच आना. दुसरं कुनी फुकट दिलं तरी नको,’’ असं त्यांनी मला बजावलं. मी ‘हो, हो’ म्हटलं. पुढचं वर सांगितलंच आहे.

खोकं उघडून साडूंनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाले, ‘‘हे कार्ड हाय का डीजेची गाडी?’’

मी म्हटलं, ‘‘याला तीन पंखे आहेत. एकाच्या जागी तीन म्हणजे जास्त गार.’’

‘‘एकाच्या जागी तिघं भांडत असले तर घर जास्त शांत हुतं का?’’

मी बदलून आणायची तयारी दाखवली, आणि खरं सांगतो, निघालोही असतो. पण तोंड धुऊन बाहेर येईपर्यंत साडूंनी त्याचे स्क्रू काढले होते. चिडलेला माणूस वस्तू आपटतो. हे चिडले की वस्तू उघडतात. आता ते जगातल्या कुठल्याच दुकानाला परत देण्यासारखं राहिलं नव्हतं. शिवाय ते कॉम्प्युटरच्या पेटीपेक्षा लांब भरलं. साडूंनी मंडपाचे पत्रे कापायची कात्री आणली, पेटीच्या आतली एक आडवी पट्टी कापून काढली, आणि पाहुण्याला पाय पसरायला जागा करून दिली. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा बैठकीत उसाचं गाळप सुरू झाल्यासारखं वाटलं. धाकटी दारात येऊन काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हललेले दिसले, बाकी काही नाही. साडूंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, त्यानंतर जे काम त्यांनी केलं ते बघत बसावं असं होतं. कार्डाचे तिन्ही पंखे, ते दिवे, वरचं प्लॅस्टिकचं कवच, सगळं काढून टाकलं. खाली राहिली ती नुसती पत्र्यांची चवड. पातळ पातळ, पुस्तकाच्या पानांसारखी. ती बघून साडूंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. ‘‘कपडे वाईट हुते,’’ ते म्हणाले, ‘‘पोरगी चांगली हाय.’’ मी लगेच श्रेय घ्यायला पुढे झालो, तर त्यांनी माझ्या हातात स्क्रूची वाटी देऊन मला खुर्चीत बसवलं. मग जुन्या कॉम्प्युटरांचे दोन मोठे, रुंद पात्यांचे पंखे त्यांनी गावातल्या दुरुस्तीवाल्याकडून आणले. मोठा पंखा हळू फिरला तरी हवा तेवढीच लोटतो, हे त्यांचं तत्त्व. सगळं जग असे पंखे प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बसवतं. साडूंना पट्टी नापसंत, ‘‘ती कुरकुरती.’’ त्यांनी मंडपाची सुतळी घेतली, पंखा आणि चवड यांच्यामध्ये ट्यूबचे तुकडे सारले, आणि बांबूला आडवा बांबू बांधताना जी गाठ मारतात तीच गाठ मारून दोन्ही पंखे कार्डाच्या छातीवर बांधले. वावटळीत मंडप धरणारी गाठ ती, दोन पंखे धरायला तिला काय जड! शेवटी कॉम्प्युटरवर कुठलीशी खूण खाली ओढून त्यांनी कार्डाची वीज कमी केली. ‘‘ह्याला आता सांगितलंय,’’ ते म्हणाले, ‘‘भाकरी अर्धी खायची आन् काम तेवढंच करायचं.’’ आश्चर्य म्हणजे कार्डाने ते ऐकलं. कमानी फिरल्या, स्टेज फिरलं, काम जरासुद्धा अडलं नाही.

आता राहिली पूजा. घरात नवं यंत्र आलं की पूजा केल्याशिवाय ते कामाला लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि थोरला साडू म्हणून तो मान माझा. मी दाराबाहेर नारळ फोडला, पेटीला हळद-कुंकवाची बोटं लावली, फूल वाहिलं, आणि धाकटीने वाटीतून दिलेल्या अक्षता हातात घेतल्या. पेटीचं एका बाजूचं झाकण अजून उघडंच होतं. अक्षता वाहायच्या असतात हे मला ठाऊक आहे. पण आयुष्यभर लग्नांत सावधान म्हटलं की हात जसा उडतो तसा तो उडाला. धाकटीच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं, हसू दाबते आहे.

झाकण लागलं, कॉम्प्युटर सुरू झाला, आणि बैठकीत खरोखर काहीच ऐकू येईना. साडू खुर्चीत हळूच बसले. आता धाकटीने स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहायचं आणि नेहमीच्या आवाजात हाक मारायची, असं ठरलं होतं. ती निघालीही. तेवढ्यात साडूंनी हात वर केला.

‘‘थांब. टिक टिक करतंय.’’

मला काही ऐकू येत नव्हतं. नीट कान दिल्यावर आलं. कुठेतरी फार लांब कुणी नखाने ताट वाजवावं, तसं. मग जो शोध सुरू झाला त्याला तोड नाही. आधी माझ्या मनगटावरचं घड्याळ काढून तांदळाच्या डब्यात गेलं. टिकटिक चालूच. मग छताचा पंखा बंद झाला, फ्रिज बंद झाला, मला ‘‘श्वास जरा तिकडं तोंड करून घ्या’’ असं सांगण्यात आलं. साडूंनी बांबूची एक पोकळ नळी आणली, एक टोक कानाला आणि एक टोक पेटीला लावून तिचा कोपरा न् कोपरा तपासला. गाठी सोडल्या, पुन्हा मारल्या, ट्यूब बदलली. पुढच्या दोन-तीन दिवसांत त्यांनी ते कार्ड इतक्या वेळा काढलं आणि बसवलं, की ते हात लावताच आपोआप बाहेर यायला लागलं. मी रजा वाढवून घेतली होती; अपराधी माणसाला घरी जायची घाई नसते. धाकटी रोज विचारायची, ‘‘आता हाक मारू का?’’ आणि साडू रोज म्हणायचे, ‘‘अजून न्हाई. टिकटिक जाऊ दे.’’

तिसऱ्या दुपारी ती माझ्याजवळ येऊन, जवळजवळ कानात म्हणाली, ‘‘दाजी, टिकटिकीचं निमित्त हाय. ते भ्यालेत.’’

‘‘कशाला?’’

‘‘सगळं गप झालं आन् तरी माझी हाक ऐकू आली न्हाई, तर मग कुनाला दोष द्यायचा?’’

मी साडूंकडे पाहिलं. मांडीवर कार्ड घेऊन ते मान खाली घालून बसले होते, आणि जी गाठ त्यांनी आयुष्यात डोळे मिटून मारली असेल ती बोटांना जमत नव्हती. हा माणूस आवाजाचा वैरी, असं मी आजवर चारचौघांत रंगवून सांगत आलो होतो. पण घड्याळाचा सेल काढणं, फ्रिजखाली ट्यूब सारणं, बँड यायच्या आत पळ काढणं, हे सगळं तो बहुधा पहिल्यापासून एकाच गोष्टीसाठी करत आला होता: मधलं सगळं गप्प व्हावं आणि घरातली एक हाक तेवढी नीट यावी. पूर्वी ती हाक सगळ्यांना पुरून उरायची, म्हणून आम्हाला ते कळलं नव्हतं.

काहीतरी मदत करावी म्हणून मी म्हटलं, ‘‘साडूभाऊ, जरा उलटं धरून झटकून बघू का?’’ आणि त्यांनी ‘नको’ म्हणायच्या आत कार्ड उचलून पालथं केलं. पत्र्यांच्या चवडीतून काहीतरी टप्पकन फरशीवर पडलं. साडूंनी ते चिमटीत धरून उजेडात नेलं.

तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल झालेला.

बैठकीत इतकी शांतता झाली की साडूंना आवडावी. त्यांनी दाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘साडूभाऊ,’’ ते म्हणाले, ‘‘कार्डाचं लगीन लावलं व्हय तुमी?’’

मग ते हसायला लागले. या माणसाला मी इतकं मोठ्याने हसताना कधी ऐकलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. धाकटी खांदे हलवत स्वयंपाकघरात निघून गेली. मी शरमेने चपला घालून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला, आणि तो गेल्यावर मी दारातूनच आत डोकावलं.

साडूंनी कार्ड बसवलं होतं. पडद्यावर एक कमान सावकाश फिरत होती, सुतळीने बांधलेले दोन पंखे फिरत होते, आणि ते फिरताहेत हे डोळ्यांनीच कळत होतं. साडू दाराला पाठ करून बसले होते, त्या तेलाच्या दिवशी बसले असतील तसेच. परीक्षा बिरीक्षा घ्यायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं. एवढ्यात स्वयंपाकघरातून वाऱ्यासारखा तो आवाज आला, पूर्वीच्या आवाजाची नुसती सावली म्हणावी असा. सोनईच्या बांधावरून तो आता वावराच्या टोकापर्यंतही पोहोचला नसता. पण ओट्यापासून खुर्चीपर्यंत पोहोचला, आणि खुर्चीपासून दारापर्यंत, माझ्यापर्यंतसुद्धा.

‘‘अवो...’’

साडूंचा माऊसवरचा हात थांबला. ते वळले नाहीत. पडद्याकडे बघतच म्हणाले, ‘‘बोल की. येतंय ऐकू.’’

आत हातातलं भांडं तिने ओट्यावर ठेवलेलं ऐकू आलं. मग ती म्हणाली, ‘‘दाजी गेले का? गेले असतील तर ते एकदा पुन्हा खोलून बघा. त्या मानसानं आनखी काय टाकलं असंल, भरवसा न्हाई.’’